नदीकाठचा बार काढायचा, तर पहिली रेघ पूररेषेची

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीत कृष्णेच्या काठी ‘रिव्हर व्ह्यू’ बार असावा की नसावा, यावर आपल्या पत्रांच्या सदरात दोन्ही बाजूंनी लिहून आले. एक बाजू म्हणते, नदीकाठ पवित्र आहे, तिथे दारू नको. दुसरी म्हणते, आपली पोरं शनिवार आला की कोल्हापूर-पुण्याला पळतात, ती इथेच थांबली तर चार पैसे गावात राहतील. पण इमारत कशी असावी, याबद्दल एकाही पत्रात एक ओळ सापडली नाही. मी वास्तुविशारद आहे, गावभागात राहते, आणि अशाच एका बारचा आराखडा सध्या माझ्या टेबलावर आहे. माझा यात व्यवसाय गुंतलेला आहे, हे वाचकांना आधीच ठाऊक असावे.

देवळांचा मुद्दा लगेच बाजूला करते. देऊळ, शाळा यांपासून किती अंतर ठेवायचे याचे नियम राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहेत आणि परवाना देताना ते अंतर मोजले जाते. गणपती मंदिराचा परिसर, विष्णू घाट, हरिपूरचा संगम या ठिकाणी कुणी मला बारचे काम सांगितले तर मी ते घेणार नाही. दारू प्यावी की पिऊ नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.

मला बोलायचे आहे ते पुराबद्दल. नदीकाठी बार काढणारा प्रत्येक जण मोबाइलवर फोटो घेऊन येतो. जहाजाच्या नाळेसारखी पुढे आलेली गच्ची, काचेची जमीन, नदीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. फोटो दुबईचे, बँकॉकचे, गोव्याचे असतात. सांगलीत नदी कुठवर येते, हे त्या फोटोंत नसते. आयर्विन पूल 1929 साली बांधला, आणि सांगलीकर पूर मोजतो तो या पुलाजवळच्या पाणीपातळीच्या फुटांत. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 2005 साली पाणी 53 फुटांवर गेले. ऑगस्ट 2019 मध्ये 57 फुटांच्याही वर, म्हणजे धोका पातळीच्या बारा फूट वर. 2021 साली पुन्हा 54 च्या वर. पंधरा-सोळा वर्षांत तीन वेळा जे होते त्याला अपवाद म्हणता येत नाही. नदीचा तो स्वभावच आहे, आणि घर बांधणाऱ्याने शेजाऱ्याचा स्वभाव आधी विचारात घ्यावा.

पूररेषांचा नियम लोकांना वाटतो तेवढा किचकट नाही. सर्वसाधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा. तिच्या आत, नदीच्या बाजूला, बांधकाम नाही. बाग, मैदान, मोकळी जागा एवढेच. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार बांधता येते, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटरने, म्हणजे दीड फुटाने वर हवी. बहुतेक मालक हा नियम ऐकून कपाळाला हात लावतात. निळ्या रेषेच्या मागे सरकलो तर नदी लांब गेली, आणि जोते एवढे वर घ्यायचे तर खर्च वाढला, असे त्यांचे गणित.

माझे म्हणणे नेमके उलटे आहे. नदीकाठच्या बारला दृश्य मिळते ते या नियमामुळेच. काठाला चिकटून, जमिनीच्या पातळीवर बसले की समोर झुडपे, पलीकडची दरड आणि पाण्याची एक पट्टी एवढेच दिसते. दहा-बारा फूट वर गेले की नदीचे वळण दिसायला लागते, सांगलवाडीच्या बाजूचा ऊस दिसतो, एका टोकाला पूल दिसतो. म्हणजे पूररेषा पाळणारी इमारत आणि उत्तम दृश्य असणारी इमारत एकच निघते. वेगळेपण शोधायला दुबईला जायची गरज नाही. चार खांबांवर उचललेला मजला, खाली मोकळी जमीन, वर खोल पडव्यांचे छप्पर, ही आकृती सांगलीच्या पुराने आधीच काढून ठेवली आहे.

पळवाट मात्र एक आहे, आणि ती सर्रास वापरली जाते. मुरूम टाकून प्लॉट उचलायचा. भराव हा खांबांपेक्षा स्वस्त पडतो आणि कागदावर जोते वर दिसते. पण जिथे तुम्ही मुरूम टाकला तिथले पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवले होते. एका प्लॉटने काय फरक पडतो, असे प्रत्येक जण म्हणतो, आणि असेच म्हणत म्हणत सगळा काठ भरत जातो. म्हणून भराव घालून उचललेल्या नदीकाठच्या कोणत्याही इमारतीला परवानगी मिळू नये, मग तो बार असो, मंगल कार्यालय असो की बंगला. पाणी खालून निघून गेले पाहिजे.

वर उचलले की झाले, असेही नाही. किती उचलले, हे बघावे लागते. अमेरिकेत इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या काठी मीस व्हॅन डर रोह यांनी बांधलेले फार्न्सवर्थ हाउस वास्तुकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासलेले असते. पांढऱ्या पोलादी खांबांवर तोललेली काचेची एक पेटी, 1951 साली पूर्ण झालेली. पुराची कल्पना असल्यामुळे तिची जमीन मुद्दाम 5 फूट 3 इंच वर घेतली होती. 1954 साली पाणी त्याच्याही वर चढून घरात शिरले. 1996 साली तर काचा फुटल्या आणि आतले सामान वाहून गेले. जगातली एक अत्यंत सुंदर इमारत, आणि चुकली ती फक्त काही फुटांनी. माझ्या क्लायंटला मी हेच फोटो दाखवले. नंतर त्याने उंचीवरून घासाघीस केली नाही.

आमच्या जागेवर जुने पंपघर आहे. त्याच्या भिंतीवर 2019 च्या पाण्याचा डाग अजून आहे. दाराच्या चौकटीच्या वर, तपकिरी, वरची कड अगदी सरळ, जणू कुणी पाणसळ लावून पट्टा मारावा तशी. त्याच्याखाली 2021 चा एक फिकट डाग. नकाशावरची पूररेषा समजावून सांगायला मला अर्धा तास लागला असता. मालकाने त्या डागाला हात लावून पाहिला आणि काम झाले. लाल रेषा आणि हा डाग, दोन्हींपैकी जी पातळी वर असेल ती धरायची आणि त्यावर दीड फूट, असे ठरले.

मग त्या उंचीवर मिस्त्रींनी बांबूची परांची बांधली, वर फळ्या टाकल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या आणि संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन बसलो. कागदावर न कळणाऱ्या गोष्टी तिथे कळतात. आमचा काठ पूर्वेचा, म्हणजे समोर पश्चिम. बारची गर्दी सुरू होते त्याच वेळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. मालकाला छतापासून जमिनीपर्यंत अखंड काच हवी होती. एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या उन्हात पश्चिमेची अखंड काच म्हणजे भट्टीच; एसी लावून लावून थकाल आणि गिऱ्हाईक शेवटी पडदा ओढायला सांगेल. पडदाच ओढायचा, तर दृश्य कुणासाठी? म्हणून काचेऐवजी आठ फूट खोल पडवी, वर मंगलोरी कौले, छपराची कड खाली ओढलेली. सूर्य अगदी कलल्यावर तेवढा थोडा वेळ आत येतो. तेव्हाचा प्रकाश गोडच असतो.

दुसरी गोष्ट रेलिंगची. पडायला होऊ नये म्हणून रेलिंग साडेतीन फूट हवे, त्यात तडजोड नाही. पण खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा असतो जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर. आम्ही रेलिंगच्या जागी प्लायवूडचा एक पत्रा उभा केला, मालक खुर्चीत टेकले आणि म्हणाले, “मॅडम, इथनं तर नदीच दिसंना झाली.” पलीकडचा काठ दिसत होता, पाणी गायब. उभ्याने काढलेल्या फोटोत ही गोष्ट कधीच कळत नाही. काचेचे रेलिंग हा सोपा उपाय वाटतो, पण त्यावर धूळ बसते, पावसाचे थेंब वाळून डाग पडतात, आणि रोज पुसणारा माणूस पहिल्या महिन्यानंतर नसतो. आम्ही पातळ उभे गज घेतले, वरची पट्टी हातात मावेल एवढीच. आणि जमीन एका पातळीत ठेवली नाही. कडेची रांग सर्वांत खाली, तिच्या मागची दीड फूट वर, काउंटर त्याहून वर. मागे बसलेल्याला पुढच्याच्या डोक्यावरून पाणी दिसते. घाटाच्या पायऱ्यांवर बसणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. सबंध घाटच तसा बांधलेला असतो.

काउंटरबद्दलही आमचा बराच वाद झाला. आपल्याकडे बार म्हटले की काउंटरच्या मागे भिंतभर बाटल्या, आरसे, खालून निळे दिवे. गिऱ्हाईक नदीकाठी येणार आणि दीड तास बाटल्यांकडे तोंड करून बसणार! मी काउंटर फिरवला. वाढणाऱ्याची पाठ नदीकडे, बसणाऱ्याचे तोंड नदीकडे, बाटल्या काउंटरच्या खालच्या कप्प्यात, आणि मधे एकही शोकेस नाही. त्या कप्प्यात पलूसच्या वाइनला दर्शनी जागा ठेवली आहे. सरकारने तिथे कृष्णा व्हॅली वाइन पार्क उभारून वर्षे झाली, तासगाव-मिरजेची द्राक्षे आणि बेदाणा देशभर जातो, आणि सांगलीतल्या परमिट रूममध्ये इथल्या द्राक्षाची वाइन मागितली तर वेटर आत विचारायला जातो. हे मला फार खटकते. ताटलीत भडंग असेलच, त्याबद्दल सांगलीत कुणाचा वाद नसावा.

रात्रीचे दिवे हा भाग सगळ्यात दुर्लक्षित. आत उजेड जास्त आणि बाहेर अंधार असला की काचेचा आरसा होतो. नदी दिसत नाही, स्वतःचा चेहरा दिसतो. ‘पॅनोरमिक’ म्हणून जाहिरात केलेल्या कितीतरी जागी सात वाजल्यानंतर हेच घडते. म्हणून दिवे कमरेच्या खाली, टेबलाच्या कडेखाली, पायरीच्या तोंडात. छताला एकही नाही. नदीवर फ्लडलाइट टाकायची मागणी मी साफ नाकारली. पाण्यावर चांदणे पडते, ते पुरे आहे. शिवाय या नदीत मगरी आहेत, पाणपक्षी आहेत. रात्रभर त्यांच्या डोळ्यांवर झोत मारायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मगरींचे नाव निघालेच आहे तर सांगते, बारमधून पाण्याकडे उतरणारी एकही पायरी मी काढलेली नाही. प्यायलेला माणूस, अंधार आणि कृष्णेचा डोह एकत्र आणणारा जिना मी काढणार नाही.

आवाजाचे तसेच. संध्याकाळी पाण्यावरची हवा गार होते आणि आवाज वर जाण्याऐवजी खाली वळून पाण्यालगत लांबपर्यंत जातो. या काठाचा स्पीकर त्या काठाच्या झोपलेल्या पोराच्या कानात वाजतो. उघड्या पडवीत डीजे नाही, हे मालकाकडून मी लेखी घेतले आहे.

आता जमिनीखालचे, जे कुणी पाहत नाही. काठावर मळीची काळी जमीन. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. आणि काठ खचतो तो बहुतेक वेळा पूर चढताना खचत नाही, ओसरताना खचतो. नदीचे पाणी भराभर उतरते, मातीतले पाणी आतच राहते आणि बाहेरचा आधार सुटल्यामुळे काठ ढासळतो. म्हणून पाया उथळ चालत नाही. पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, खाली घट्ट थरात न्यावे लागतात. खांब गोल घेतले, चौकोनी नाहीत, कारण चौकोनी खांबाच्या कोपऱ्यांशी पाण्याचा भोवरा होऊन बुडाची माती निघून जाते. खांबांत अंतरही मोठे ठेवले. पुरात पाण्याबरोबर केंदाळ येते, ओंडके येतात, उसाचे भारे येतात. खांब दाट असले की सगळे अडकते आणि इमारतीचाच बंधारा होतो. कंपाउंड वॉल नाही, तारेचे कुंपण आहे, पावसाळ्याआधी सुटे होणारे. मीटर, जनरेटर, गॅस सगळे वरच्या मजल्यावर. 2019 ला गावभागात गॅसच्या टाक्या तरंगत चाललेल्या मी स्वतः गच्चीवरून पाहिल्या आहेत. खाली फक्त पार्किंग, आणि आयर्विनवर 40 फूट झाले की ते रिकामे करून बार बंद करायचा. कोयनेतून सोडलेले पाणी इथवर पोहोचायला वेळ लागतो, तेवढी सवड पुरते.

सांडपाण्याचे काय, हा प्रश्न मात्र परवानगी देणाऱ्यांनी दहादा विचारावा. शेरी नाला वर्षानुवर्षे कृष्णेत काय ओततो, हे सांगलीला सांगायला नको. बारमध्ये स्वच्छतागृहाचा वापर हॉटेलपेक्षा जास्त. पूरपट्ट्यातली साधी सेप्टिक टाकी पुरात भरते आणि सगळे नदीत जाते, तेच पाणी खालच्या गावांच्या विहिरींत आणि नळांत. आम्ही टाकी रस्त्याच्या बाजूला, बोल्टच्या झाकणाची, पाणी उलटे न शिरणाऱ्या व्हॉल्व्हची घेतली आहे. मैला पंपाने ड्रेनेज लाइनला जाईल. यात खर्च बराच वाढला. तो परवडत नसेल त्याने नदीकाठ सोडून जागा बघावी.

शेवटचा मुद्दा मला बाई म्हणून मांडायचा आहे. नदीचे दृश्य बारच्या मालकाचे नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात लीना बो बार्दी यांनी बांधलेले कलासंग्रहालय 1968 मध्ये खुले झाले. त्या जागेवरून दरीकडे दिसणारे दृश्य अडता कामा नये, अशी अट होती. बाईंनी अख्खी इमारत लाल चौकटींना टांगून वर उचलली आणि खालचे 74 मीटर रुंदीचे मैदान शहराला मोकळे सोडले. लोक तिथे बाजार भरवतात, सभा घेतात. सांगलीत संध्याकाळी नदीकडे फिरायला येणाऱ्या बायका, निवृत्त माणसे, पोरे यांना आमच्या बारच्या खालून नदीपर्यंत नजर जाईल आणि बाजूने पायवाट राहील, अशी तरतूद आराखड्यात आहे. बारची वाट रस्त्याच्या दुसऱ्या टोकाने, वेगळ्या जिन्याने. पायवाटेने जाणाऱ्या बाईला बारच्या दारावरून जावे लागणार नाही. मालकाला ही पायवाट आधी पसंत नव्हती, अजूनही ती त्याला फारशी आवडलेली नाही. पण पायवाट काढून टाकायची असेल तर आराखड्यावर माझी सही मिळणार नाही, एवढे मी त्याला सांगितले आहे.

महापालिकेला माझी विनंती एकच आहे. नदीकाठच्या कोणत्याही इमारतीचा प्रस्ताव आला की आधी एलिव्हेशनचे, म्हणजे समोरून दिसणाऱ्या रूपाचे, रंगीत चित्र पाहू नका, सेक्शन, म्हणजे उभा छेद दाखवणारा नकाशा, मागा. नदीच्या तळापासून रस्त्यापर्यंतचा, निळी रेषा, लाल रेषा आणि 2019 चे पाणी दाखवणारा. त्या एका कागदावर भराव लपत नाही, टाकी लपत नाही आणि कुणाचे दृश्य अडते तेही लपत नाही. तो कागद जागेवरच्या फलकावर मराठीत लावणे बंधनकारक करा.

आमचा सेक्शन मी पंपघराच्या भिंतीवर, त्या डागाच्या शेजारी, डागाशी पातळी जुळवून लावलेला आहे. प्रस्ताव पुढच्या महिन्यात दाखल होईल. त्याआधी ज्यांना पाहायचा आहे त्यांनी जरूर यावे, आणि हरकत असेल तर लेखी द्यावी. मी प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देईन.

आपली,
एक वास्तुविशारद
गावभाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)